सीट कुठे होती ते कोणी विचारलंच नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जी रहस्य कादंबरी क्रमशः येतेय तिचे आतापर्यंतचे सगळे भाग मी वाचलेत, एक पण सोडला नाही. आमच्याकडे पेपर साडेनऊच्या गाडीने येतो, मी गॅरेजचं शटर अर्धं उघडून आधी ते पान वाचतो आणि मग नट खोलायचे पाने हातात घेतो. पत्र लिहायची सवय नाही, मुलीने मोबाईलवर मराठी कीबोर्ड टाकून दिलाय त्याच्यावर लिहितोय, चुका असतील त्या सुधारून घ्या पण मजकूर तोडू नका ही विनंती.

माझं सिंधुदुर्गात हायवेला गॅरेज आहे. 1989 ला सुरू केलं तेव्हा हायवे 17 नंबर होता, आता 66 झाला. इतक्या वर्षांत अपघाताच्या किती गाड्या ओढून आणल्या त्याचा हिशोब ठेवलेला नाही. अपघात झाला की पोलिसांच्या आधी पोचतो तो गॅरेजवाला, नाहीतर रिक्षावाला, नाहीतर मासळीचा टेम्पोवाला. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडला सावित्रीवरचा 1928 सालचा दगडी पूल गेला, दोन एसट्या आणि एक जीप पुरात गेली, तेव्हासुद्धा पूल नाही हे आधी लक्षात आलं ते जवळच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कामगाराच्या. म्हणून म्हणतो की अपघातावरची कादंबरी असेल तर आमच्यासारख्यांना दोन शब्द बोलायचा हक्क आहे.

सुरुवात लेखकांनी फार चांगली केली हे आधी सांगतो. बंदरावरचं लहान गाव, जेटीवर वाळत घातलेली जाळी, मुंबईहून गणपतीला आलेले चाकरमानी, आणि पाचव्या दिवशी रात्री गाडी दरीत जाऊन डॉक्टरांचा मुलगा जातो, हे सगळं डोळ्यासमोर उभं राहिलं. तो दुसरा भाग, ज्यात विसर्जन करून ओल्या कपड्यांनी माणसं परत येतात आणि वाटेत त्यांना बातमी कळते आणि कोणाच्या हातात आरतीचं ताट तसंच राहतं, तो भाग माझ्या बायकोने दोनदा वाचला. पण सातव्या भागापासून गाडी रस्ता सोडून चाललीय.

पहिली गोष्ट ब्रेकची. कोणीतरी रात्री अंगणात येऊन ब्रेकचा पाईप कापला आणि गाडी घाटात गेली असं दाखवलंय. अहो, ती गाडी किनाऱ्यावरून निघून फोंडा घाटाने कोल्हापूरला चाललीय, म्हणजे घाट चढतेय. चढणीला ब्रेकचं काम किती पडतं? चढणीला इंजिन तापतं, क्लच जळतो, ब्रेक फेल होऊन दरीत जायची ती उतरणीला. आणि आताच्या गाड्यांना मास्टर सिलेंडर डबल असतो, दोन लाईनी वेगळ्या असतात, एक कापली तरी दुसरी थोडीफार पकडते, पॅडल खाली जातं, लाल दिवा लागतो, अंगणात ऑईलचा डाग पडतो. बंदरावरून फोंड्यापर्यंत येताना वाटेत किती वळणं, किती स्पीडब्रेकर, किती गुरं आडवी येतात, तिथवर माणूस पोचणारच नाही, पहिल्याच वळणाला त्याला कळेल की पाय पोकळीत जातोय.

खरा ब्रेक कसा जातो ते सांगतो, लेखकांना उपयोगी पडेल. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत ओलीशिवाय दुसरं असतं काय. नवीन डॉट 3 ऑईल 205 डिग्रीला उकळतं, तेच ओल शोषलेलं 140 च्या आसपास उकळायला लागतं. माणूस घाट उतरताना गिअर न पाडता नुसता ब्रेकवर पाय ठेवून येतो, लायनर तापतात, ऑईलला आतमध्ये उकळी येते, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक लागत नाही, पॅडल स्पंजसारखं खाली जातं. खाली आल्यावर अर्ध्या तासाने गाडी थंड झाली की ब्रेक परत एकदम चांगला, तपासणारा म्हणतो ब्रेकमध्ये काही दोष नाही. दर दोन वर्षांनी ऑईल बदलायचं असतं, बिलात बदललं म्हणून लिहायचं आणि बदलायचं नाही असे गॅरेजवाले मी बघितलेत. अशा एका बिलात अख्खी कादंबरी आहे, पाईप कापायला अंगणात कोणी यायची गरजच नाही.

दुसरी गोष्ट छोटी आहे. कादंबरीतला फौजदार 2025 च्या पावसाळ्यात जुन्या भारतीय दंड संहितेचं 304 अ कलम लावतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, आता निष्काळजीपणाने मृत्यूला 106 कलम आहे, पूर्वी जास्तीत जास्त दोन वर्षं होती ती आता पाच झाली. पुस्तक काढाल तेव्हा एवढं बदलून घ्या.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. कादंबरीत मुंबईहून एक इन्स्पेक्टर येतो आणि गावाने लपवलेलं एक एक गुपित खणून काढतो, गावात कोणाला काही माहीत नाही, एका माणसाला फक्त माहीत आहे आणि तो शेवटच्या भागात सापडणार असं दिसतंय. साहेब, लहान गावात असं नसतं हो. पहाटे चारला झालेली गोष्ट सकाळी नऊला चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत असते, कोण चालवत होता, कोण शेजारी बसला होता, कोणाच्या घरून फोन गेला, सगळं. फक्त ते कागदावर येत नाही. ते कागदावर येऊ नये म्हणून कोणी कोणाला धमकी देत नाही, कोणी बंदूक दाखवत नाही, सगळी आपली शेजारची माणसं असतात आणि सगळी चांगल्यासाठीच बोलत असतात. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो कारण त्यात मी होतो.

1997 चा डिसेंबर. आमच्या बाजूला तेव्हा जत्रांचे दिवस, रात्रभर दशावतारी नाटक चालतं आणि पहाटे दहीकाला होतो. आमच्या शेजारच्या वाडीतला एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा नाटक बघून पहाटे एकटाच चालत घरी निघाला होता. मागून मारुती 800 आली, त्याला उडवलं आणि रस्ता सोडून खाली व्हाळात, म्हणजे ओढ्यात गेली. मुलगा जागेवर गेला असं सगळे म्हणतात, मी तसंच मानतो. गाडी गावातल्या एका मोठ्या घरातली, वडिलांना सगळे मानायचे, कोणाच्या घरी आजारपण असलं तर हीच गाडी धावायची, माझ्या वडिलांना पण याच गाडीतून एकदा सावंतवाडीला नेलं होतं. पोलीस आले तेव्हा त्या घरचा पगारी ड्रायव्हर हात जोडून उभा होता, मीच चालवत होतो म्हणाला. मला क्रेनवाला म्हणून बोलावलं होतं, मग म्हणाले तू आहेसच तर पंच म्हणून सही कर. मी केली. पंचनाम्यात सगळं बरोबर होतं, टायरच्या खुणा, काचा, रक्त, व्हाळापर्यंतचं अंतर टेपने मोजलं होतं.

नंतर गाडी वर काढली आणि पोलीस स्टेशनला न्यायला ट्रकला चेन लावली. ओढताना मागच्या गाडीत कोणीतरी स्टेअरिंगवर लागतो, ब्रेक मारायला लागतो, म्हणून मी बसलो. आणि माझा पाय ब्रेकवर पोचेना. माझी उंची साडेपाच फूट. मी अजून पुढे सरकलो, सीटच्या कडेवर आलो तेव्हा बोटं टेकली. सीट पार मागे, शेवटच्या खाचेत होती. आणि तो ड्रायव्हर माझ्या खांद्याला लागायचा, तो नेहमी सीट अगदी पुढे घेऊन पाठीमागे उशी ठेवून चालवायचा हे मला माहीत होतं, कारण गाडी माझ्याकडेच सर्व्हिसिंगला यायची आणि मला दरवेळी सीट मागे ढकलून बसायला लागायचं. उशी मागच्या सीटवर पडली होती, हिरव्या कव्हरची. त्या घरातला एक मुलगा सहा फूट उंच होता, कॉलेजला होता, लायसन नव्हतं.

ट्रकवाल्याने हॉर्न दिला, निघायचं का म्हणून. मी सीटखालचा दांडा उचलला आणि सीट पुढे ओढली. दुसरं करण्यासारखं मला त्या क्षणाला काही सुचलं नाही, ब्रेक मारायला तर लागणारच होता. पण दांड्याचा खट्ट आवाज झाला तेव्हाच मला कळलं होतं मी काय पुसलं ते.

दोन दिवसांनी आरटीओचे इन्स्पेक्टर गाडी तपासायला आले. मी उजेडाला टॉर्च धरून उभा होतो. भला माणूस होता, नीट काम करणारा. ब्रेक बघितला, स्टेअरिंग बघितलं, टायरची नक्षी बघितली, फुटलेल्या हेडलाईटचा बल्ब काढून मला दाखवला, म्हणाले ही तार बघ, लांबलीय स्प्रिंगसारखी, म्हणजे धडकेच्या वेळी दिवा पेटलेला होता, विझलेला असता तर तार थंड असते, ती सरळ तुटते. मला त्या माणसाचं इतकं कौतुक वाटलं. एवढ्याशा तारेवरून त्याने दिवा चालू होता हे सांगितलं आणि माझ्या तोंडात सीट होती ती बाहेर आली नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

टपरीवर तर सगळे उघड बोलत होते. "गाडी कोण चालवी होतो ता तुका ठावक, माका ठावक. आता बोलान काय तो परत येतलो?" असं मला एक जण म्हणाला तो आमच्या घरातलाच होता. दुसऱ्याने जे सांगितलं ते मात्र मला आजपर्यंत खोडता आलेलं नाही. तो म्हणाला, चालवणाऱ्याकडे लायसन नव्हतं असं कागदावर आलं तर इन्शुरन्सवाले हात वर करतील, त्या माउलीचा नुकसानभरपाईचा दावा अडकेल, मालकाकडून वसूल करायला तिला आयुष्य पुरायचं नाही. ड्रायव्हर लायसनवाला आहे तोवर पैसे मिळतील. "त्या माउलेक चार पैशे गावांदेत, तू मधी पडू नको." आणि ते खोटं पण नव्हतं. त्या वेळच्या मोटार वाहन कायद्यात कलम 140 खाली मृत्यूला 50 हजार चूक कोणाची ते न बघता मिळायचे आणि बाकीच्यासाठी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, दावा चालायचा. तिला पैसे मिळाले. उशिरा मिळाले पण मिळाले, तिच्या मुलीचं लग्न त्यातून झालं. ड्रायव्हरची केस चार वर्षं चालली आणि तो सुटला, कारण त्याला गाडी चालवताना बघितलेला एक पण साक्षीदार नव्हता, आणि असणार कुठून.

लेखक साहेबांनी ह्याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या गावात लोक गप्प आहेत ते एका श्रीमंत माणसाच्या भीतीने. भीती असते, नाही म्हणत नाही. पण आम्ही गप्प राहिलो ते भीतीने थोडे आणि उपकाराने जास्त, आणि त्याहून जास्त ह्याच्यासाठी की गप्प राहण्यात त्या आईचं भलं आहे असं आम्ही एकमेकांना पटवलं होतं. ती तर तिथेच, दोन वाड्या पलीकडे होती. तिला कोणी विचारलं नाही की बाई तुला पैसे हवेत की नाव हवं.

तिने पोलिसात काही केलं नाही, ती देवळात आली. आमच्याकडे मोठं काही झालं की देवाला गाऱ्हाणं घालतात, मानकरी उभा राहून बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे व्हय म्हाराजा म्हणतात. तिच्या वतीने गाऱ्हाणं घातलं गेलं. "बा देवा म्हाराजा, ह्या बाईचो एकुलतो एक झील गेलो, जो कोण ह्येका कारण असात त्येचो न्याय तुझ्या दरबारात होवंदे रे म्हाराजा." सगळा सभामंडप म्हणाला, व्हय म्हाराजा. त्यात तो ड्रायव्हर होता. त्या उंच मुलाचे वडील पहिल्या रांगेत होते, त्यांचा आवाज मी ओळखला. माझा पण होता. ती खांबाला टेकून बसली होती आणि तिचे डोळे मिटलेले होते, एवढंच मला आठवतं.

कादंबरीच्या चौदाव्या भागात मेलेल्या मुलाची आई पोलीस स्टेशनमध्ये येऊन ओरडते, मला न्याय पाहिजे, मी एकेकाला बघून घेईन वगैरे, आणि इन्स्पेक्टर तिला वचन देतो. तो भाग वाचून मला रात्री झोप आली नाही आणि त्यातूनच हे पत्र झालं. आमच्याकडची ती खरी आई माझ्या गॅरेजवर एकदा आली होती, अपघातानंतर तीनेक महिन्यांनी, शिमग्याच्या आधी. दुपारची वेळ, पोरं जेवायला गेली होती. बाहेर उभी राहिली, आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, "गाडी तूच काढलंस मां रे?" मी हो म्हटलं. मला वाटलं आता विचारणार. मी मनात तयारी पण केली होती, विचारलं तर सांगायचं, जे होईल ते होईल. ती म्हणाली, "माझ्या झिलाची एक व्हाण गावली नाय. गाडयेत होती काय?"

नव्हती. गाडीत नव्हती, व्हाळात पण मी नंतर जाऊन बघितलं, दोन वेळा, पाणी कमी झाल्यावर मे महिन्यात एकदा परत. मिळाली नाही. ती मान हलवून गेली आणि त्यानंतर पंचवीसेक वर्षं आम्ही बाजारात समोरासमोर येत होतो, ती माझी चौकशी करायची, मुलगी काय करते विचारायची. गाडीबद्दल परत कधी एक शब्द नाही. तिला माहीत होतं की नाही मला सांगता येणार नाही. माझा अंदाज, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मागच्या श्रावणात ती गेली.

आज कायदा थोडा बदललाय, आता मोटार वाहन कायद्यात 134 अ कलम आहे, 2019 च्या दुरुस्तीत आलं, जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला त्रास देता येत नाही, त्याने नाव सांगायची पण सक्ती नाही. चांगलं आहे. आमच्या वेळी त्या पहाटे एक टेम्पो थांबून परत निघून गेला असं ऐकलं, झंझट नको म्हणून गेला असेल. लेखकांनी त्यांच्या कादंबरीतल्या होडीवाल्याला, जो सगळं बघून पळून जातो, हे कलम कोणीतरी सांगावं, त्याने काय केलं असतं ते वाचायला मला आवडेल.

माझं नाव छापू नका. ड्रायव्हरची मुलं गावात आहेत, शिकलीत, त्यांच्या बापाने काय अंगावर घेतलं ते त्यांना घरातून कळू दे, पेपरातून नको. त्या उंच मुलाचं नाव पण मी लिहिलेलं नाही, त्याला हे पत्र वाचून कळेल, तो तुमचाच पेपर घेतो. सीट शेवटच्या खाचेत होती हे त्याला माझ्याकडून कळायला अठ्ठावीस वर्षं लागली, ते मी त्याला तोंडावर सांगायला पाहिजे होतं, आता हे छापून आलं की त्याच्या घरी जाऊन सांगणार आहे.

लेखकांना एक विनंती. अजून सहा-सात भाग असतील तर इन्स्पेक्टरला दोन भाग सुट्टी द्या आणि गावातल्या गॅरेजवाल्याला एक प्रसंग द्या. त्यांना कधी सिंधुदुर्गात यायचं झालं तर तुमच्या ऑफिसात माझा नंबर ठेवतोय. माझ्या गॅरेजच्या मागे एक जुनी 800 अजून उभी आहे, ती गाडी नव्हे, दुसरी, भंगारात घेतलेली. त्यांनी ड्रायव्हर सीटवर बसावं, मी सीट मागच्या खाचेत टाकतो, आणि पाय ब्रेकवर पोचतो का ते त्यांनी स्वतः बघावं.

आपला,
एक वाचक, गॅरेजवाला
जि. सिंधुदुर्ग